हाडू केळू

"सर, तुम्ही आमचा अल्बम ऐकलाय का?"

हा प्रश्न मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये विचारला. हातात माईक, स्टेजवर पुण्याहून आलेले पाहुणे गायक, आणि पुढं सगळी शाळा, ज्युनिअर कॉलेजसकट. पैज माझ्या वर्गातल्या पायल आणि महेश्वरीनं लावली होती. पायल म्हणाली होती, "सिद्धे, दम असंल तर विचार. नुसतं आमच्यापुढं मिरवू नकोस." आणि दम होता की! नववीपर्यंत मी हजेरीला असं काही पुटपुटायची की बाई दोनदा नाव घ्यायच्या. पण अल्बम झाला आणि माझं बूच उडालं. सोड्याच्या बाटलीसारखं. तेव्हापासून मला कुणी गप्प करू शकलेलं नाही.

पाहुणे हसले. छान हसले, खोटं कशाला बोलू. "नाही ऐकला बेटा. नाव काय अल्बमचं?"

"हाडू केळू."

मग बारावीच्या बाकांवरनं कुणीतरी ओरडलं, "हाड! हाड!" कुत्र्याला हाकलतात ना, तसं. लगेच दुसरा, "केळं घे केळं!" मग अख्खा हॉल. शिपाईकाकासुद्धा भिंतीला टेकून हसत होते. पाहुण्यांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि मलाच विचारलं, "हाडं आणि केळी? म्हणजे आरोग्यावर आहे का अल्बम?"

मी खाली बसले नाही. "सर, कन्नड आहे ते. हाडू म्हणजे गा. केळू म्हणजे ऐक." पण तोवर माझा माईक बंद केला होता आणि पुढच्या मुलाचा प्रश्न चालू झाला होता.

बारावीच्या त्याच बाकांवर, ओरडणाऱ्याच्या शेजारच्या रांगेत, माझा भाऊ बसला होता. अमरेश. मी त्याला अण्णा म्हणते. मी वळून पाहिलं तेव्हा तो स्वतःच्या बुटांकडं बघत होता.

मला अजूनही वाटतं, प्रश्न बरोबर होता.

*

आमचं सोलापूरला शुक्रवार पेठेत भांड्यांचं दुकान आहे. खाली दुकान, मधे माळा, वर घर. माळ्यावर लग्नसराईचा माल: घागरी, कळश्या, पातेली, एकात एक बसवून छतापर्यंत. अप्पा, म्हणजे वडील, गल्ल्यावर असतात, अव्वा, म्हणजे आई, दुपारी खाली येऊन बसते, आणि अण्णा नावं घालतो. म्हणजे कुणी भांडं घेतलं की त्यावर नाव कोरून द्यायचं, छोट्या विजेच्या मशीननं. 'चि. सौ. कां.' पासून 'मामाकडून सप्रेम भेट' पर्यंत सगळं. मराठीत घालतो, अक्कलकोटकडची माणसं म्हणाली तर कन्नडमध्येही. मशीन चालू झालं की झर्रर्र असा एकच सूर लागतो, आणि अण्णा त्या सुरात सूर मिसळून गुणगुणत राहायचा. दहावीपासून. गिऱ्हाइकं म्हणायची, "पोरगं नाव घालतंय का आरती करतंय!"

त्या गुणगुणण्यातूनच आमचा अल्बम निघाला. अण्णाची गिटार, माझी घागर, दोघांचे गळे, आणि अव्वाची गाणी. अव्वाचं माहेर वळसंग. भाकरी थापताना ती तिकडची कन्नड गाणी म्हणते, अर्धी तोंडातल्या तोंडात. आम्ही ती ऐकून ऐकून उचलली, त्यात आमची मराठी कडवी घातली आणि त्याच्यावर गिटार अशी वाजवली की माळ्यावरची भांडी आपोआप थरथरायची. खरंच! अण्णानं वरचा एक सूर लावला की कोपऱ्यातली तिसरी कळशी एकटीच 'टिंऽ' करायची. तिला कितीही दाबून ठेवा, करायचीच. शेवटी आम्ही तिला एका गाण्यात घेतलीच.

मे महिन्यात रेकॉर्डिंग केलं. सोलापूरचा मे! पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. आवाज घुमतो म्हणून चारी बाजूंनी चादरी टांगलेल्या. अण्णाच्या कोपरावरून घाम गिटारवर टपकायचा आणि तो म्हणायचा, "थांब, परत. तू 'दारी'वर घाई केलीस." परत. परत. मी एवढी सुखी कधीच नव्हते.

पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला नाव घालायच्या मशीनचा आवाज आहे. झर्रर्र. त्यावर हळूच गिटार येते. ही आयडिया माझी.

अल्बमचं नाव दोघांनी ठरवलेलं. हाडू केळू. गा, ऐक. मोठ्यांना म्हणायचं तर हाड्री, केळ्री: गा, ऐका. शिवाय केळू म्हणजे 'विचार' सुद्धा. ऐकणं आणि विचारणं, दोन्हीला एकच शब्द. आमच्या घरात दोन्ही भाषा एकाच ताटात वाढलेल्या असतात, त्यामुळं कुणाच्याच कानाला खटकलं नाही. ना अण्णाच्या, ना माझ्या, ना अप्पांच्या. मराठी माणूस हे वाचून काय वाचेल, हा विचारच डोक्यात आला नाही! आणि लिहिलं देवनागरीत. म्हणजे कन्नडवाल्यांना सापडेना आणि मराठीवाल्यांना कळेना. मोबाईलवर 'हाडू केळू' शोधलं की आधी यायचं, 'हाडं मजबूत करण्यासाठी रोज एक केळं खा.' मग सांधेदुखी. मग कंबरदुखी. मग बऱ्याच खाली, एखाद्या मलमाच्या जाहिरातीशेजारी, आम्ही.

अल्बमखाली पहिली प्रतिक्रिया आली तेव्हा मी माळ्यावरनं किंचाळत खाली आले होते. प्रतिक्रिया अशी: 'गुडघा वाजतो. उपाय सांगावा.'

मी उत्तर दिलं, 'काका, गाणं ऐका, बरं वाटेल.'

त्यांनी विचारलं, 'जेवणाआधी की नंतर?'

तेव्हा अण्णा हसला होता. पोट धरून हसला होता. तेव्हा अजून हसता येत होतं.

*

पुढं हसता येईना, कारण अप्पांची अट होती. हुबळीला आमच्या काकांचं भांड्यांचं मोठं दुकान आहे, त्यांना मूलबाळ नाही, आणि बारावी झाली की अमरेशला तिकडं पाठवायचं असं दोघा भावांचं कधीच ठरलेलं. अण्णानं एक वर्ष मागितलं होतं. फक्त एक वर्ष, गाण्यासाठी. अप्पांनी विचार करून सांगितलं, "घरचे चांगलंच म्हणतात. मित्र तर म्हणणारच. ओळखीचा नसलेला एक माणूस दुकानाच्या पायरीवर येऊ दे, आणि 'तुमच्या पोरांची गाणी मी ऐकली' म्हणू दे. एकच. गुढीपाडव्यापर्यंत. मग वर्षभर काय गायचं ते गा. नाहीतर हुबळी."

एकच माणूस! आम्हाला वाटलं, अप्पा किती भोळे. एवढं मोठं सोलापूर, आणि एक माणूस मिळणार नाही?

गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी माझ्या प्रश्नाचा व्हिडिओ सगळ्या शाळेच्या मोबाईलवर फिरला. मग पेठेत. मग दुकानात आलेली एक बाई अप्पांना म्हणाली, "तुमचीच का हो ती हाड-हाडवाली?" अल्बम फारसा कुणी ऐकला नव्हता, पण माझं हसं झालेलं सगळ्यांनी पाहिलं. माझं काही नाही. मी तर पायलला म्हटलं, "बघ, प्रसिद्ध झाले." पण अण्णा गप्प झाला. त्यानं गिटार चादरीत गुंडाळली आणि माळ्यावर घागरींच्या मागं उभी केली. दुकानात बसून नावं घालायचा, खाली मान घालून, आणि मशीन एकटंच ओरडत असायचं. झर्रर्र. खाली त्याचा सूर नाही. तुम्हाला सांगते, तो आवाज एकटा ऐकवत नाही. दाढेत शिरतो.

मी काय काय केलं! संक्रांतीला सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत उंच पाळण्यांजवळ छोटा स्पीकर घेऊन उभी राहिले. एका बाजूला पाळण्याचा भोंगा, दुसऱ्या बाजूला भाग्यवान सोडतीचा. माझ्या स्पीकरपुढं एक कुत्रं तेवढं बसलं. पायल म्हणाली, "त्याला हाड नको म्हणूस, एकच श्रोता हाय आपला." रेडिओ स्टेशनवर गेले तर वॉचमननं पेन ड्राइव्ह हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि परत दिला, "साहेब नाहीत." परत गेले. "साहेब आहेत, पण नाहीत." विजापूर वेशीत एका रिक्षावाल्या चाचांना गाडीत लावायला दिलं. त्यांनी आदरानं लावलं, एका वळणापर्यंत ऐकलं आणि आरशातून विचारलं, "बेटी, ये हाडू बोले तो डागदर का है क्या?" मी म्हटलं, "नाही चाचा, गाणं आहे." ते म्हणाले, "हौ, गाना तो है. पन दर्द किधर का है, वो समझा नै."

दर्द किधर का है! मला रडायला आलं. तोवर दहावीचा पेपर तोंडावर आला होता आणि मी भूगोलाच्या पुस्तकात तोंड घालून रडत होते.

रोज शाळेतनं आल्यावर मी अप्पांना विचारायची, "आलं का कोण?" अप्पा वर न बघता म्हणायचे, "गिऱ्हाईक आलं होतं." मग मी अण्णाकडं बघायची. तो मशीनकडं.

*

परीक्षा संपली. पाडवा समोर दिसायला लागला. अण्णाची बॅग माळ्यावरून बाहेर निघाली आणि हुबळीहून काकूचा फोन, "पोराला अंथरूण आणायची गरज न्हाय, हितं हाय सगळं."

तेव्हा पायल म्हणाली, "माझ्या काकांना आणू का? करकंबचे. तुझे अप्पा कुटं ओळखतात त्यांना?"

"म्हणजे खोटं?"

"खोटं कसलं? आधी ऐकवू की त्यांना. मग ऐकलंच असंल."

हे मला पटलं. बुडणाऱ्याला काय, काहीही पटतं. हिंदुरावकाका आले, उसाच्या कामातनं वेळ काढून, पांढरीशुभ्र टोपी घालून. एसटी स्टँडवर पायलनं त्यांच्या कानात इअरफोन घातले. पण ते आल्या आल्या दोन वडे खात होते आणि समोरच्या कंडक्टरशी बोलतही होते. मी दुरूनच बघत होते आणि मनातल्या मनात सिद्धरामेश्वराला हात जोडत होते.

दुकानाच्या पायरीवर उभं राहून काका मोठ्यांदा म्हणाले, "राम राम शेठ! तुमच्या पोरांची गाणी ऐकली! लई भारी! मी काय तुमच्या वळखीचा न्हाय बरं का!"

अप्पांनी चष्मा वर सरकवला. "या, बसा. कुठलं गाणं आवडलं?"

"सगळीच!"

"त्यातल्या त्यात?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं. "ते की," काका म्हणाले, "ते हाडाचं!"

"आणि केळ्याचं?"

"त्ये तर लईच ग्वाड हाय!"

अप्पा हसले नाहीत. त्यांनी काकांना चहा पाजला, उसाचं विचारलं, पायरीपर्यंत सोडायला गेले. परत येऊन गल्ल्यावर बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरी, मी एक माणूस मागितला होता. नाटक नव्हतं मागितलं."

मशीन बंद झालं. अण्णा उठला. जिन्यात मी त्याच्या आडवी गेले, "अण्णा, मी आपल्यासाठीच..."

"हाड," तो म्हणाला.

एवढंच. मोठ्यानं नाही. आणि ते त्यानं कन्नडमध्ये म्हटलं नव्हतं.

*

पाडव्याच्या आदल्या दुपारी एक आजीबाई काठी टेकत दुकानात आल्या. कपाळावर विभूती, डोक्यावर पदर, बरोबर पिशवी घेतलेला भाचा. नातीच्या लग्नाला घागर पाहिजे म्हणाल्या. अप्पांनी पाच-सहा काढल्या. त्यांनी प्रत्येकीवर टिचकी मारून कान लावला आणि एक घेतली.

"नाव काय घालू?" अण्णानं विचारलं.

"घाल. चंद्रव्वाकडून."

अण्णानं मशीन चालू केलं. झर्रर्र. आणि चंद्रव्वाआजींनी काठी आपटली. "थांब!"

अण्णा दचकला. "काय चुकलं आजी?"

"परत लाव ते."

परत लावलं. आजी डोळे मिटून उभ्या. मग भाच्याला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या, आणि अण्णाकडं बोट दाखवून मराठीत, "हा आवाज गाण्यात हाय. हाडू केळू. त्यातलं पयलं. तुमीच व्हय रे ते?"

मी गल्ल्यामागनं ओरडलेच. अप्पा उभे राहिले, पण त्यांचा चेहरा दगड झाला होता. "सिद्धी. हे कोण? आता हे कुठल्या गावचे काका?"

"अप्पा, शपथ! मी नाही ओळखत यांना!"

"बाई, तुम्हाला कुणी पाठवलं?"

"मला कोण पाठवतंय?" आजी भडकल्या. "मांडीचं हाड मोडलं माझं. दिवाळीपासनं पडून होते. हा भाचा मोबाईलवर हाडाचं औषध बघत होता, आणि मधेच ही गाणी लागली. चुकून लागली. बंद कर म्हटलं तर ह्याला बंद करता येईना. मग राहिली चालू. मग दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, लाव ते." त्या माझ्याकडं वळल्या. "आणि तू का ती गाणारी? ये हितं."

मी गेले. मला वाटलं आता डोक्यावर हात ठेवणार.

"चुकलाय तुमी!" आजी म्हणाल्या. "तिसरं गाणं साफ चुकलंय. रोज ऐकते आणि रोज राग येतो. 'तवरू दूर, दारी नोडू.' त्याच्यापुढं तुमचं मराठीत काय ते?"

मी बारीक आवाजात म्हटलं, "तवर दूर उभी मी दारी."

"तवर म्हणजे काय गं?"

"तवर... तोवर. तोपर्यंत."

"आणि दारी?"

"दारात."

आजींनी कपाळाला हात लावला. "तवरू म्हणजे माहेर! दारी म्हणजे वाट! माहेर लांब राहिलं, वाट बघ, असं म्हणतीया ती बाई. तिचा सगळा जीव वाटेवर, आणि तुमी तिला दारात उभी केली! कुटं जाईल ती बिचारी?"

आमचं कन्नड म्हणजे स्वयंपाकघरातलं: ऊटा, हालू, बा, होगू. जेवण, दूध, ये, जा. तवरू शब्दाचा अर्थ आम्हाला माहीतच नव्हता. अव्वाच्या तोंडून अर्धा ऐकला, उरलेला मराठीतनं भरला.

अप्पा हळूच खाली बसले. बराच वेळ गल्ल्यावरची पेन्सिल फिरवत राहिले. मग अण्णाला म्हणाले, "हिनं ऐकलंय. तो परवाचा नुसतं चांगलं म्हणत होता. चूक काढायची तर ऐकावं लागतं." आणि घसा खाकरून, "बरं. मी बोललो होतो. वर्ष तुझं."

मी उड्या मारायला लागले! खरंच, दुकानात, घागरींच्या मधे. एक कळशी पडली आणि घरंगळत पार रस्त्यापर्यंत गेली. मी आजींच्या पायाही पडले, त्या म्हणाल्या, "आधी गाणं नीट कर."

पण अण्णानं मान वर केलीच नाही. तो घागरीवर आजींचं नाव पुरं करत होता. 'कडून'चा शेवटचा 'न' संपवला, फुंकर मारली, फडक्यानं पुसलं. आणि मग अव्वाकडं बघितलं. अव्वा कोपऱ्यात स्टुलावर बसली होती, हातात पदराचं टोक.

"अव्वा, ते गाणं तुझंय. तुला कळलं नाही आम्ही चुकलोय ते?"

अव्वा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मी तुला पहिल्या दिवशी ऐकायला दिलं होतं. तू म्हणालीस छान आहे."

"छानच असणार की रे," अव्वा पुटपुटली. "भाकरी टाकायची होती. एका कानात घातलं होतं मी ते. मग गॅस... मग राहिलं."

"अप्पा, तुम्ही?"

अप्पांनी पेन्सिल खाली ठेवली.

अण्णानं मशीनची वायर काढून नीट गुंडाळली. "म्हणजे घरातच कुणी ऐकलं नाही. एका आजींनी ऐकलं, ते पण चुकून. हाडाचं औषध बघताना." त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "मला वर्ष नको अप्पा. मी जातो हुबळीला. उद्या पाडवा झाला की."

"अरे पण मी हो म्हणतोय आता!"

"मी नाही म्हणतोय."

चंद्रव्वाआजी पायरी उतरत होत्या, त्या थांबल्या. काठीवर भार देऊन मागं वळून म्हणाल्या, "चुकून आले हे खरं. पण रोज लावायला सांगत होते ते चुकून नव्हतं, बाळा." मग भाच्याचा हात धरून एकच शब्द टाकला, "हाडू."

गा, म्हणाल्या. अण्णानं ऐकलं. पण तोंड उघडलं नाही. रिक्षा आली, आजी गेल्या, घागर गेली.

*

संध्याकाळी अव्वानं मला माळ्यावर बोलावलं. तिच्या हातात मोबाईल होता. "लाव," म्हणाली. मी मोबाईल रिकाम्या घागरीत उभा ठेवला, असा ठेवला की आवाज मोठा होतो, आणि लावलं. झर्रर्र. मग गिटार. तिसऱ्या गाण्याला अव्वानं तोंडावर पदर घेतला. 'तवर दूर उभी मी दारी' आलं तशी ती हलली, जणू तिलाच कुणी दारात अडवलंय. खालून जिन्याची पायरी वाजली. अप्पा अर्ध्या जिन्यात उभे होते, वर येत नव्हते, खालीही जात नव्हते. सातही गाणी तिथंच उभं राहून ऐकली. कोपऱ्यातली तिसरी कळशी मधेच 'टिंऽ' करून गेली. अप्पांनी दचकून तिच्याकडं बघितलं.

वरच्या खोलीत अण्णा बॅग भरत होता. दार उघडं होतं. त्याला सगळं ऐकू येत होतं, हे मला माहीत होतं, कारण प्रत्येक गाणं सुरू झालं की चेनचा आवाज थांबायचा.

मी वर गेले. बॅगेत शर्ट, बारावीचं हॉल तिकीट, दाढीचं सामान जे त्याला अजून लागत नाही. गिटार नव्हती.

"अण्णा, गिटार?"

"राहू दे. तुला पाहिजे तर घे."

"मला वाजवता येत नाही."

"मग विक."

मी त्याच्या शेजारी बसले. काय काय बोलले! म्हटलं, तिसरं गाणं परत करू, वाटेवरचं. म्हटलं, मी शाळेत त्या पोराला जाऊन थोबाडीत मारते. म्हटलं, नाव बदलू, तुला पाहिजे ते नाव देऊ. म्हटलं, मी गप्प बसेन, महिनाभर तोंड उघडणार नाही. ह्यावर त्याचा ओठ थोडा हलला, पण हसला नाही. फक्त म्हणाला, "सिद्धे, मला आता आतनं सूर येतच नाही गं. मशीन लावतो, आणि काहीच येत नाही. मी प्रयत्न केला. खोटं नाही सांगत."

तोवर मला वाटत होतं आपण अप्पांशी लढतोय. अप्पा तर कधीच हरले होते, अर्ध्या जिन्यात उभे होते. हे दुसरंच काही होतं, आणि त्याच्याशी कसं लढायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी खिडकीत जाऊन उभी राहिले. खाली पेठेत उद्याच्या साखरेच्या गाठी टांगल्या होत्या. मी डोळे पुसले. मग परत पुसले. मग माळ्यावर गेले, घागरींच्या मागनं चादरीत गुंडाळलेली गिटार काढली, माझी वाजवायची घागर काढली, कोपऱ्यातली तिसरी कळशी काढली, आणि तिन्ही घेऊन जेवायच्या खोलीत आले.

ताटं वाढली होती. अप्पा, अव्वा, अण्णा, तिघंही ताटाकडं बघत बसले होते. कुणीच भाकरी मोडली नव्हती.

"हे काय आणलंस?" अव्वा म्हणाली.

मी सगळं जमिनीवर ठेवलं. कळशी 'टिंऽ' करून बसली.

"अप्पा, अव्वा, मी ठरवलंय. अण्णा हुबळीला जाणार असेल तर मी पण जाणार. निकाल लागला की अकरावी तिथंच. काकूला म्हणावं, आणखी एक अंथरूण काढ. गिटार मी नेणार, घागर नेणार, ही कळशी पण. तो दुकानात नावं घालेल आणि मी पायरीवर बसून त्या मशीनच्या सुरात गाणार. रोज. तिसरं गाणं, नीट केलेलं. त्याला आतनं सूर येईपर्यंत. एक वर्ष लागू दे, दोन लागू देत. आणि तिथं मी हाडू म्हटलं तर कुणी कुत्रं शोधणार नाही."

अण्णानं मान वर केली. त्या दिवसात पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघितलं.

"अगं, पण असं एकदम?" अव्वा म्हणाली. "विचारायचं तरी आधी."

"आज विचारत नाहीये मी," मी म्हटलं. "सांगतेय. केळ्री."